आक्काताई आणि धामणीची तेरा अंडी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. कारण यात मीच वाईट दिसते, आणि स्वतःला वाईट दाखवायला कुणाला आवडतं? पण परवा सांगलीला विश्रामबागेत जाऊन आले आणि आता गप्प बसवत नाहीये. एका दमात लिहून टाकते, चुका असतील तर सांभाळून घ्या.

आक्काताई आमच्या कराडच्या कॉलेजात झूलॉजीची लॅब झाडायच्या-पुसायच्या. आत्ताच्या फर्स्ट इयरला माहीत नसतील. अंगानं काडी, पदर कमरेला खोचलेला, पण चालायच्या अशा की कॉरिडॉर त्यांच्याच नावावर आहे. त्याआधी विट्याजवळच्या एका हॅचरीत बावीस वर्षं कोंबडीची पिल्लं काढली त्यांनी. हॅचरी बंद पडली म्हणून हातात झाडू आला, पण बोलणं सगळं हॅचरीचंच. प्रॅक्टिकल लांबलं की दाराला टेकून सुरू व्हायच्या.

"एकवीस दिस झालं की आतनं टकटक सुरू. धा हजार चोची एका टायमाला! ज्वारीच्या लाह्या फुटल्यागत आवाज यायचा बघ."

आणि त्यांची ती ट्रिक! अंडं मिटलेल्या डोळ्याच्या पापणीला लावायच्या आणि किती गरम ते सांगायच्या. आम्ही थर्मामीटर लावून बघायचो, अर्ध्या डिग्रीचाही फरक नसायचा. आमच्या वर्गातला यशराज म्हणायचा, "आक्काताई, माझं पण टेंपरेचर बघा की."

"तुझं डोस्कं गरम हाय, ते हितनंच कळतंय रं."

किती हसायचो आम्ही. 

दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये मलकापुरात पाया खणताना जेसीबीखाली धामणीची अंडी निघाली. तेरा, ताजी, एकमेकांना न चिकटलेली. धामण निसटली. आमच्या मिलिंद सरांनी वनखात्याची परवानगी काढली आणि अंडी लॅबमध्ये आली. लांबट, पांढरी, हाताला चामड्यासारखी लागणारी. थर्माकोलचा डबा, आत बल्ब, एकोणतीसवर लावलेला थर्मोस्टॅट, खाली नारळाच्या भुशाचं ओलसर कोकोपीट. पारा तीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. सर ट्रेनिंगला पुण्याला निघालेले, त्यामुळे ड्यूटी माझी. मीच हट्ट करून मागून घेतलेली.

तिसऱ्याच दिवशी जतहून घरचा फोन, मामेबहिणीचं लग्न ठरलं, ये. मी एका पायावर तयार! आक्काताईंना डबा दाखवला, वहीत रेघा मारून दिल्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ आकडा लिहा म्हटलं.

"एकोणतीस? आगं, एवढ्या गारव्यात पिल्लू काकडंल की."

"सापाचं आहे आक्काताई, त्याला चालतं."

"बरं बाई. अंड्यातलं लेकरू ते लेकरूच."

आणि मी एसटी पकडली.

चार दिवसांसाठी गेले, बारा दिवस राहिले. हळद, वरात, कर्नाटकातल्या मावश्या, नुसता दंगा. रोज एक फोन मात्र करायचे. "किती?" "एकोणतीस." "थँक्यू आक्काताई!" की ठेवला. दुसरं काही विचारलंच नाही. एकदाही.

इकडे ऊन इतकं तापलेलं की बल्ब बंद असूनही डबा गरम व्हायचा. आक्काताई भर दुपारी डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळायच्या, वाळलं की परत भिजवायच्या. हे त्यांनी फोनवर सांगितलं नाही, वॉचमन केरबाकाकांनी मला नंतर सांगितलं.

सर आणि मी एकाच दिवशी परतलो. डबा उघडला आणि भपकन वास आला. तेराच्या तेरा अंडी बसलेली, पिवळी पडलेली, वर हिरवी बुरशी. आक्काताईंना दोन दिवसांपासून वास येत होता, पण सापाच्या अंड्याला असाच वास असेल असं त्यांना वाटलेलं.

सरांनी वही उघडली. चौथी शिकलेल्या बाईचे मोठे गोल आकडे. एक खाडा नाही, तीसच्या वर एक आकडा नाही.

"टेंपरेचर तर परफेक्ट आहे," सर म्हणाले. "मग झालं काय?"

"काय की सर. मी तर रोज तीनदा फिरवत हुते," आक्काताई म्हणाल्या. "एक दीस चुकवलं न्हाई."

सरांनी वही मिटली.

कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी स्वतः चोचीनं फिरवते, हॅचरीत माणसं फिरवतात. सापाचं अंडं मात्र जसं घातलं तसंच ठेवायचं. आतला जीव वरच्या बाजूला धरून वाढतो, उलटलं की गुदमरून मरतो. हे मला माहीत होतं. पेपरात आलं असतं तर पानभर लिहिलं असतं. फक्त त्यांना सांगितलं नव्हतं.

आणि मी काय बोलले माहितीये? "मारलीत तुम्ही. तेराच्या तेरा मारलीत!"

सर "अगं ए" म्हणेपर्यंत तोंडातून गेलं होतं. आक्काताईंनी एक अंडं उचललं, पापणीला लावलं, परत ठेवलं. मग डबा धुवायला घेतला. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा त्या नव्हत्या. मुलाकडे सांगलीला गेल्या म्हणे.

दोन वर्षं मी नंबर काढायचे आणि फोन खाली ठेवायचे. मी! जिला चहा गार होईपर्यंतसुद्धा दम निघत नाही!

परवा शेवटी गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सुनेनं, क्रांतीवहिनींनी दार उघडलं. कॉलेजचं नाव सांगितल्यावर हळूच म्हणाल्या, "हॅचरीचं काही काढू नका हं. आधी उठता-बसता तेच सांगायच्या, आता विषय निघाला की उठून आत जातात." तिथेच मला रडू फुटलं.

आक्काताई मटकी निवडत बसलेल्या. मी चप्पल काढायच्या आधीच बोलून टाकलं. "माझं चुकलं आक्काताई. सांगायचं मी विसरले, आणि बोलले तुम्हाला."

त्यांनी मटकीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "तू सांगितलं न्हाईस, मी इचारलं न्हाई. दोघी बी शाण्या." आणि हसल्या. पण लगेच तोंड उतरलं. "बावीस वर्सं लय मिजाशीत सांगितलं गं, माझ्या हाताला यश हाय म्हणून. आन् ह्याच हातानं तेरा जीव बुडवलं. तवापास्नं कुणाला सांगावं वाटंना झालंय."

 मी म्हटलं, यंदा परत धामणीची अंडी आली होती, दहातली नऊ फुटली, साठ दिवसांनी.

"साठ?" मटकीचं ताट खाली. "बाई गं! कोंबडी असती तर कटाळून उठून गेली असती. आमच्यात बघ, अठराव्या दिवशी अंडी दुसऱ्या पेटीत घालायची, मग..."

दीड तास! वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या, पदरानं डोळे पुसत.

म्हणून हे लिहिलं. मी एकदा ऐकून भागणार नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांचं सांगलीला जाणं-येणं असतं, पत्ता माझ्याकडून घ्या. दुपारी चारनंतर त्या घरी एकट्याच असतात. जा, खाली बसा आणि पिल्लं कशी काढायचात तेवढंच विचारा. सुट्टी लागल्यावर बघू, असं करू नका. या रविवारीच जा.