दारापासून परत फिरलेला निरोप

डिलाईल रोडच्या चाळीतून मी निघालो तेव्हा टेम्पोत जेमतेम अर्धा संसार होता. गोदरेजचं कपाट, दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी, आईचं शिवणयंत्र. अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. गॅलरीतल्या बायका आईला सांगत होत्या, "लांब कुठे गं, एका बसचा तर रस्ता." खरंच होतं ते. लोक दुबईला गेले, कॅनडाला गेले, माझं स्थलांतर म्हणजे एका बसचा रस्ता. पण त्या बसने मी चोवीस वर्षांत मोजून चार वेळा उलटा आलो.

कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. हमाल घाम पुसत उभा राहिला. तेवढ्यात चार खोल्या पलीकडचं दार उघडलं आणि नाना बाहेर आले. माझे सख्खे काका. आमच्याशी त्यांचं बोलणं नव्हतं. आप्पा, माझे वडील, खाली टेम्पोपाशी पाठ करून उभे होते. नानांनी लुंगी खोचली आणि म्हणाले, "जड बाजू माका दी. तुझी कंबार हापिसातली."

साठीच्या माणसाने दोन मजले कपाटाची जड बाजू धरली. खाली ठेवल्यावर हात झटकले, आप्पांकडे न बघता मला म्हणाले, "आता लांब चाललंस. कायय बरावाईट झाला तर सांगूक येत जा."

मी मान हलवली. नानांच्या बाबतीत मान हलवण्याची माझी ती दुसरी वेळ होती. पहिल्या वेळेबद्दल मी चोवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज भावकीतल्या सगळ्यांसाठी लिहितो आहे. जे गावी आहेत, जे परदेशी गेले, जे मुंबईत कुठे कुठे पांगले, सगळ्यांसाठी. अर्ध्याच माणसांना कळून चालणार नाही.

आमच्या दोन घरांतलं भांडण आजोबांच्या खोलीवरून. आजोबा गिरणीतले. ते गेल्यावर खोली धाकट्या मुलाच्या, म्हणजे नानांच्या नावावर झाली, कारण आजोबांचं शेवटचं सगळं त्यांनी केलं होतं. आप्पांना ते लागलं. त्यांनी त्याच गॅलरीत दुसरी खोली घेतली आणि बोलणं टाकलं. एकच नळ, एकच जिना, आणि वीस वर्षं एकमेकांच्या डोक्यावरून बघणं. फक्त एक व्यवहार चालू राहिला: सुतक. भावकीत कुणी गेलं की निरोप द्यायचाच. आप्पा म्हणायचे, "तोंड बघणार नाय, पण सुतक सांगणार. ता देवाचा काम." गावचा फोन माझ्या ऑफिसात यायचा आणि नानांच्या दारात जाऊन सांगायचं काम माझं.

नानांचा मुलगा सचिन माझ्याहून वर्षाने लहान. एकोणिसाव्या वर्षी तो चाळीचा हिरो झाला. पहिल्या मजल्यावर स्टोव्ह भडकला, खोली पेटली, आणि सचिनने आत शिरून एका म्हातारीला आणि तिच्या नातीला बाहेर काढलं. पेपरात फोटो आला, मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. आग लागली तेव्हा मीही जिन्यावर होतो. मी खाली उतरलो, तो वर गेला. एवढाच फरक. कुणी मला कधी विचारलं नाही, पण मला तो फरक रोज दिसायचा. त्याच्या दोन्ही हातांच्या भाजलेल्या कातडीवर दिसायचा.

फोटो विरला, हात तसेच राहिले. सचिन बंद खोलीत झोपेना. कुणी काडी ओढली की उठून गॅलरीत जाई. कारखान्यातली नोकरी सुटली. मग कुणीतरी त्याला दादरच्या फुलबाजारात लावलं आणि तिथे तो हळूहळू माणसात आला. मला म्हणायचा, "अंत्या, ओल्या पोत्यात हात घातला ना, की आतली आग पण थंड होते." सहा वर्षं गेली त्यात. गिरगावातल्या वैशालीशी लग्न ठरलं. तिच्या वडिलांची एकच अट: सगळं विधीपूर्वक, होमासकट. सचिन म्हणाला, "बसेन."

लग्नाला तीन दिवस असताना गावचा फोन आला. थोरले आबा गेले. आजोबांच्या सख्ख्या भावाचा मुलगा, म्हणजे आम्हा सगळ्यांना दहा दिवसांचं सुतक. मुंबईत तेव्हा आमची भावकी म्हणजे हीच दोन घरं. आप्पा म्हणाले, "जा, सांगून ये." त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि आणखीही काहीतरी होतं. हे सांगितलं की लग्न पुढे जाणार, हे त्यांना कळत होतं.

मी नानांच्या दारापर्यंत गेलो. दार किलकिलं होतं. सचिन जमिनीवर समईसमोर बसला होता, हातात काडेपेटी. नाना त्याच्या शेजारी पाण्याचं तांब्याभांडं घेऊन. सचिनने काडी ओढली. हात थरथरला, काडी विझली. नाना म्हणाले, "होतला. आणखी एक." दुसरी विझली. "आणखी एक." तिसरी काडी त्याने वातीपर्यंत नेली. वात पेटली. नानांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी परत फिरलो.

आमच्यात मानतात, ज्याने ऐकलं नाही त्याला सुतक लागत नाही. ऐकल्या क्षणापासून लागतं. मी मनाशी म्हटलं, यांनी ऐकलंच नाही तर लग्न स्वच्छ लागेल. या मुलाला पुन्हा कधी जमेल न जमेल. घरी येऊन आप्पांना म्हटलं, "सांगितलं."

इथवर माझी चूक असली तरी मला तिची लाज नाही. लाज पुढच्याची आहे.

लग्नाच्या दिवशी सकाळी नानांच्या दारात सनई वाजली. आप्पा गॅलरीत उभे, तीन दिवसांची दाढी वाढलेली. त्यांचा विश्वास बसेना. "सांगून पण? आबा मेलो आणि ह्यो मुंडावळी बांधता?" दुपारपर्यंत ते खोलीत येरझाऱ्या घालत होते. मग माझं मनगट धरून मला दादरच्या हॉलवर घेऊन गेले. पंगत बसली होती. होम होऊन गेला होता. सचिनने लाह्यांच्या ओंजळीला हात लावून आगीत आहुती दिली, हात जरासुद्धा कापला नाही, असं वैशालीने मला पुढे कधीतरी सांगितलं. ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते त्याचं तोंड, आप्पा आत शिरले तेव्हाचं. आयुष्यात पहिल्यांदा निवांत झालेल्या माणसाचं तोंड.

आप्पा मधोमध उभं राहून ओरडले, "सुतकात लगीन लावलंस? हॉलाचा बुकिंग वाया जायत म्हणान?"

नाना ताटावरून उठले. "कसला सुतक? कोण गेला?"

"माका इचारतंस? ह्याका इचार." आप्पांनी मला पुढे ढकललं. "सांग सगळ्यांका. गेल्लंस ना तू? सांगितलंस ना ह्याका?"

एक शब्द पुरेसा होता. 'नाही.' नाही म्हटलं असतं तर नानांनी ऐकलं नव्हतं हे सिद्ध झालं असतं, सुतक लागलंच नसतं, लग्न धुतल्या तांदळासारखं राहिलं असतं. फक्त आप्पा भर मांडवात तोंडघशी पडले असते आणि मी खोटा ठरलो असतो. सव्वीस वर्षांचा घोडा मी. आप्पांकडे बघितलं आणि मान हलवली. हो.

आणि खरं सांगायचं तर नुसती आप्पांची भीती नव्हती ती. जिन्यावर वर गेलेल्या माणसाला एकदा खाली आलेलं बघावं, असं काहीतरी माझ्या आत होतं. ते ओळखायला मला पुष्कळ वर्षं लागली.

वैशालीच्या वडिलांनी त्या संध्याकाळी मुलीला घरी नेलं. सुतक फिटल्यावर होम पुन्हा करा म्हणाले. सचिनला पुन्हा बसणं जमलं नाही. दोन महिन्यांनी वैशाली आपणहून परत आली, पण चाळीत नाही. दोघांनी वडाळ्याला भाड्याची जागा घेतली. जाताना सचिन गॅलरीत बापाला म्हणाला, "तुम्ही मला शिकवलंत काडी ओढायला. आणि खोट्या होमासमोर बसवलंत." नाना म्हणाले, "माका खराच म्हायत नव्हता रे." सचिन म्हणाला, "अंत्या खोटं बोलेल?"

अंत्या खोटं बोलेल, हे त्या गॅलरीत कुणाला सुचलंच नाही. मी शांत मुलगा, सरकारी नोकरीतला. पुढच्याच महिन्यात ते कपाट जिन्यात अडकलं.

क्वार्टरमध्ये दोन खोल्या, स्वतःचा संडास, टेकडीवरचा वारा. शेजारी तमिळ, समोर बंगाली. 'एनओसी', 'मेंटेनन्स', 'ट्रान्सफर ऑर्डर' ही आमची नवी भाषा. इथे कुणी गेलं की नोटीसबोर्डावर कागद लागतो, सुतक कुणाला सांगायला जावं लागत नाही. मला ते फार सोयीचं वाटायचं. मुलांना मी चाळीबद्दल काही सांगत नसे. ती समजायची, बाबांना जुन्या गोष्टी आवडत नाहीत.

आप्पा गेले तेव्हा आई म्हणाली, नानांना कळव. मी फोन केला. दारात जायची हिंमत झाली नाही. नाना आले, दहा दिवस सुतक पाळलं, डोकं भादरलं. त्यांना सगळ्यांदेखत खोटं ठरवणाऱ्या भावासाठी. आता मला आप्पांची भीती उरली नव्हती. तरीही मी आणखी नऊ वर्षं गप्प बसलो. याला माझ्याकडे कारण नाही.

मग चाळ पाडायची ठरली. एकेक खोली रिकामी होऊ लागली. नानांच्या शेजारच्या कदम मावशींचा फोन आला, "अनंता, तुझो नाना हटून बसलाय. म्हणता, सचिन आल्याबिगर कुलूप घालणार नाय. सचिन फोन उचलत नाय. तूच काय तो बघ."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दुपारी दादरच्या फुलबाजारात गेलो. सचिन आता गाळ्याचा मालक. केस पांढरे, समोर शेवंतीचा ढीग. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दारापासून परत फिरलो ते, आणि मान हलवली ते. तो शेवंती निवडत राहिला. चांगली इकडे, डागाची तिकडे. मग चांगली पण डागाच्यात टाकायला लागला.

"चोवीस वर्षं, अंत्या."

"हो."

"माझ्या पोरीने आजोबा नीट पाहिला नाही."

त्याने गाळ्यावरच्या पोराला हाक मारली, हात पुसले. "चल."

"कुठे?"

"मला सांगून मोकळा होतोस काय? ज्याला सांगायचं होतं त्याला सांग."

टॅक्सी चाळीसमोर थांबली. नानांच्या दारात मी पुढे, तो मागे. नाना खाटेवर बसले होते, बांधलेल्या बोचक्यांच्या मधे. सचिनला बघून त्यांचा हात खाटेच्या कडेवर घट्ट झाला. मी बोललो. नानांनी कानामागे हात धरला.

"मोठ्यान बोल. कान गेले माझे."

मी पुन्हा बोललो. "अजून मोठ्यान." तिसऱ्या वेळी मी जवळजवळ ओरडलो, "मी तुम्हाला आबांचं सांगितलंच नव्हतं! खोटी मान हलवली मी!" गॅलरीत उरलेली सगळी दारं उघडली. कदम मावशी पदर तोंडाला लावून उभ्या. आजही मला वाटतं, नानांनी पहिल्या वेळीच ऐकलं होतं.

नाना सचिनकडे वळले. म्हणाले, "ऐकलंस? लगीन शुद्ध होता तुझा."

सचिन त्यांच्या पायाशी खाली बसला. नानांनी बोचक्यातून समई काढायला लावली. "खोली सोडताना दिवो लावक होयो." काडेपेटी सचिनकडे दिली. दोन काड्या मोडल्या. नाना म्हणाले, "आणखी एक."

त्या दिवशी नाना वडाळ्याला गेले. कपाट नव्हतं, पण लोखंडी खाट होती. जड बाजू मी धरली.

नाना तिथे सात महिने राहिले. मागच्या महिन्यात एका सकाळी माझी बेल वाजली. दारात सचिन, अनवाणी, तीन जिने चढून धापा टाकत.

"सांगायला आलोय," म्हणाला.

मला कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "फोन करायचास."

"तुला? नंतर म्हणशील, मी ऐकलंच नाही." आणि एवढ्या दुःखात तो हसला, मीही हसलो, आणि मग दारातच दोघे रडलो. आत येणार नव्हता तो, आणखी घरं बाकी होती. मागाहून गावचे आणखी लोक आले, आता आमची भावकी गिरगावपासून अँटॉप हिलपर्यंत पांगली आहे. त्याने खिशातून कागद काढला. "परळ-लालबाग मी करतो. गिरगावचे तीन तू कर. जाऊन सांग हं. दारात."

चाळीच्या जागी आता पत्र्याचं कुंपण आहे. हे क्वार्टरही निवृत्तीनंतर सोडायचं आहे. माझी मुलं विचारतात, बाबा, आपलं घर नक्की कुठलं? पूर्वी मी विषय बदलायचो. आता सांगतो: जिथली माणसं आपल्याला सांगायला जिने चढून येतात, आणि ज्यांना सांगायला आपल्याला जावं लागतं, ते. पत्ता बदलत राहतो.

त्या दिवशी गिरगावातल्या पहिल्या दारासमोर पोचलो तेव्हा दार किलकिलं होतं. आत टीव्ही चालू होता, कुणीतरी हसत होतं. पाय आपोआप मागे वळले, जुनी सवय. मी ते थांबवले, आणि बेल दाबली.