व्हिसाच्या फोटोतला गाल

फोटोवाल्याला लोकांचे चेहरे सुधारायची भारी खोड. कुणाचं टक्कल झाकेल, कुणाच्या सुरकुत्या काढेल, विचारायचं मात्र नाव नाही. सिस्टरबाई निवृत्त झाल्या आणि दक्षिण अमेरिकेतला मोठा धबधबा बघायला निघाल्या, तेव्हा टूरिस्ट व्हिसाचा फोटो काढायला त्याच्याकडेच आल्या. त्यांच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता. दवाखान्यात सुया उकळताना पाणी उडालं होतं, आणि तो किस्सा त्या साऱ्या गावाला हसत हसत सांगायच्या. पठ्ठ्याने कॉम्प्युटरवर तो डागच पुसून टाकला.

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. तिकीट, हॉटेल, बँकेचे कागद सगळं ठीक होतं. फोटोतला चेहरा तेवढा पासपोर्टशी जुळत नव्हता.

सिस्टरबाई अर्ज घेऊन आल्या, तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर चूक कबूल करायला फोटोवाल्याची जीभ रेटेना. "त्या व्हिसाच्या कचेरीत सगळे आंधळे भरलेत!" तो उसळून म्हणाला.

"त्यांना कशाला बोल लावता, भाऊ?" सिस्टरबाई हळूच म्हणाल्या. "थोबाडच माझं असलं. तुम्ही तरी किती सांभाळून घ्याल?"

आता तरी खरं बोलावं की नाही? पण गडी सरळ कॅमेऱ्यामागे गेला.

"समोर बघा."

सिस्टरबाईंनी समोर पाहिलं, आणि इतकी वर्षं उघडा मिरवलेला गाल पहिल्यांदाच हाताने झाकला.

हात खाली घ्या, एवढं सांगायलाही फोटोवाल्याला तोंड उरलं नव्हतं.