दाजींच्या बंद पेट्या

माझे दाजी इद्दर म्हणजे आमच्या डोंगरातला एक नंबरचा हट्टी माणूस. आम्ही बोरूच्या नळकांड्यांना माती लिंपून त्यांत मधमाश्या पाळायचो. मग सरकारी योजनेतून लाकडी पेट्या आल्या आणि दाजींनी सगळ्या माश्या त्यांत हलवल्या. उन्हाळ्यात पेट्या अशा तापायच्या की माश्या बाहेरच लोंबकळत राहायच्या. दाजींनी डोकं चालवलं, पेट्यांनाही भुसा घातलेल्या मातीचा जाड लेप दिला. माश्या गपगुमान आत गेल्या.

योजनेचे सल्लागार तौफीकसाहेब खूश झाले. फोटो काढले, दाजींच्या पाठीवर थाप मारली.

"इद्दरकाका, हे मी वर कळवतो. थंडी पडली की मोजमाप घ्यायला येतो. तोवर पेटी उघडायची नाही हं, सगळा प्रयोग बिघडेल."

दाजींनी छातीवर हात ठेवला. "शब्द दिला."

त्या साली पाऊसच झाला नाही. रानातला ओवा फुललाच नाही. एरवी अशा वेळी दाजी नळकांडं मागून उघडून माश्यांना खायला अंजिराचा पाक आत ठेवायचे. आता ते साहेबांना फोन लावत बसले. साहेब म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात नक्की." माझी यामनाआक्का दर वेळी कोंबडी कापायची.

"कोंबड्या संपत आल्या," ती म्हणायची, "तुमचा पाहुणा कुठं अडकलाय?"

मग फोनच लागेना. साहेबांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी कुणीच नव्हतं.

दाजी रोज पेटीला कान लावायचे. गुणगुण कमी होत चालली होती. मी चिडलो.

"दाजी, उघडा की! माश्या तुमच्या आहेत, त्याच्या बापाच्या नाहीत."

"माणूस येईपर्यंत थांबतो म्हणालोय मी."

"आणि नाहीच आला तर?"

दाजींनी पुन्हा पेटीला कान लावला. शेवटी एका सकाळी आक्कानंच पेट्यांची झाकणं उपटली. तळाशी मेलेल्या माश्यांचा खच पडला होता. दाजींनी त्या ओंजळीत घेतल्या आणि तसेच उभे राहिले. मला त्यांचा राग आला होता, पण तेव्हा मात्र मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

वसंतात योजनेच्या कचेरीतून वियाम नावाची एक गोड पोरगी आली, सेवा कशी वाटली ते विचारायला. दाजींनी घरातला शेवटचा मध तिच्यासमोर ठेवला. तिनं भाकरी बुडवून खाल्ला, बोटं चाटली.

"काका, आमच्या माणसांचं काम कसं वाटलं? खरं सांगा हं."

दाजी म्हणाले, "चांगलं."

आक्कानं चहाची किटली दाणकन आदळली. पोरगी गेल्यावर मी म्हणालो, "कशाला खोटं बोललात?"

"आपल्या घरात जेवलेल्या लेकराला काय सांगू? तुमच्या माणसानं माझं वाटोळं केलं म्हणून?"

उन्हाळ्याच्या तोंडावर खालच्या गावातली चार माणसं आली. त्यांनी आपली नळकांडी मोडून पेट्या घेतल्या होत्या. "तुम्ही चांगलं म्हणालात असं त्या कचेरीतल्या पोरीनं सांगितलं," त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "म्हणून आम्हीही हो म्हणालो."

दाजींनी त्यांना बसवलं, चहा ओतला. ओतता ओतता हात थांबला.

"माझ्या सगळ्या माश्या मेल्या, बाबांनो," ते म्हणाले. "मी खोटं बोललो." आणि त्या परक्या माणसांसमोर हुंदके देऊन रडले.