दुसऱ्या मजल्यावरचा कोच

कोचचा उजवा गुडघा दोन वर्षं माझ्या हाताखाली होता. मी अलिबागकडचा, कुवेतच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. तो उत्तर इंग्लंडातल्या खाणगावचा. बाप कोळशाच्या खाणीत आणि हा तेरा-तेरा जणांच्या रग्बीत. ही त्यांची कामगारांची रग्बी; सहा वेळा लोळवलं की चेंडू समोरच्याच्या हवाली. तिशीत गुडघा गेला तसा तो खेळाडूचा कोच झाला, आणि दोन-तीन क्लबांनी घरी बसवल्यावर कुवेतमधल्या एका शाळेत खेळाचा मास्तर. हे सगळं तो हसत सांगायचा. मला ऐकताना हसू येत नसे.

फिंतास या उपनगरात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. तो दुसऱ्या मजल्यावर, मी खाली. मागच्या वाळूत दर शुक्रवारी अब्बासिया या भारतीयांच्या वस्तीतून रत्नागिरीकडची मंडळी कबड्डी खेळायला येत. सगळे दुकानांत नाहीतर बाकाल्यात, म्हणजे तिथल्या वाणसामानाच्या दुकानात, कामाला. एकदा तो लंगडत खाली आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हा तर आमचाच खेळ. चेंडू कोणी पळवला?" त्या दिवसापासून तो त्यांचा कोच.

कोकणी माणूस कबड्डी कमी खेळतो आणि वाद जास्त घालतो. हात लागला, नाही लागला, दम तुटला, नाही तुटला. खेळ राहायचा बाजूला. कोचने एकच नियम घातला. पकड झाली की उठायचं, तोंड बंद ठेवायचं आणि त्याच्याकडे बघायचं. त्याने हात वर केला तर बाद. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की तो पाणी प्यायला गेला तरी माना तिकडेच वळत.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौज आली. इंग्रजांनी हॉटेलात हजर व्हावं असा हुकूम निघाला. गेलेले परत आले नाहीत. हा गेलाच नाही. पडदे ओढून, दिवे न लावता घरात बसून राहिला. आम्हा भारतीयांना कोणी हात लावत नव्हतं, म्हणून मी त्याला वरणभात आणि खुबूसची रोटी नेऊन द्यायचो. इमारतीचा इजिप्शियन रखवालदार 'वर कोणी नाही' म्हणून शपथा खायचा. पण कोच खचत चालला होता. जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. सापडला तर संपला आणि न सापडता असाच राहिला तरी संपला, हे मला दिसत होतं, आणि माझ्याकडे काही इलाज नव्हता.

ही बातमी अब्बासियात पोहोचली. संघाचा कप्तान, बाकाल्यात काट्यावर बसणारा, मला भेटायला आला.

"डॉक्टर, सायबाला करमत नसंल. आमी खालती खेलू, तो पडद्यातना बगंल."

"वेड लागलंय काय तुम्हाला?" मी ओरडलो. पण कोचच्या कानावर घातलं तर तो उठून बसला. "खेळू दे," म्हणाला. त्या दिवशी त्याने दोन वेळचं एकदम खाल्लं.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या बांगेनंतर खेळ सुरू झाला. नाक्यावरचे चार-दोन सैनिक येऊन कठड्यावर बसले आणि टाळ्या वाजवू लागले. मला वाटलं, निभावलं. मग पहिली घट्ट पकड झाली. चढाई करणाऱ्याने रेघेकडे हात टाकला आणि सगळे त्याच्यावर कोसळले. पोहोचला की नाही? दुसरं कोणी असतं तर तिथेच जुंपली असती. हे मात्र उठले, तोंडं बंद केली, आणि एकजात सगळ्या माना दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीकडे वळल्या.

पडदा हललासुद्धा नाही. एक सैनिक मात्र टाळ्या वाजवायचा थांबला. त्याने वर पाहिलं, मग यांच्याकडे, मग पुन्हा वर.

सैनिकांनी कोचला खाली आणलं तेव्हा सगळे वाळूत तसेच उभे होते. जिना उतरताना त्याचा गुडघा अडकला. पुढे होऊन धरावंसं वाटलं, पण बंदुका बघून पाय उचलेना. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. एकाचीही मान वर नव्हती.

ऑक्टोबरात मी अम्मानमार्गे घरी आलो. डिसेंबरात ओलीस सुटल्याचं ऐकलं; त्यांत तो होता का, हे कोणालाच सांगता आलं नाही. एक्क्याण्णवच्या अखेरीस पुन्हा नोकरीवर गेलो, तेव्हा कप्तान त्याच बाकाल्यात दिसला. खेळता की नाही, असं विचारलं.

काट्यात कांदे ओतत तो म्हणाला, "खेललो की, गेल्या शुक्रवारी. पयली पकड झाली, नि सगले उठून गप उभे ऱ्हायले. कोन कायच बोलला नाय. मग घरी आलो."