नदीच्या अलीकडचा खेळ

वणीच्या बाहेर, कोळशाच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांची लाइन लागते, तिथेच देवराव ठावरींचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचे चार पत्रे, हवा भरायचं मशीन आणि दारात टांगलेला टायर. एका पंक्चरला देवरावांइतका वेळ अख्ख्या तालुक्यात कोणी लावत नसेल. तरी गिऱ्हाईक कुरकुरत नाही, कारण येणारी निम्मी माणसं पंक्चर काढायला येतच नाहीत. ती खेळायला येतात.

खेळाचं बारसं कोणी केलेलं नाही. ‘लाइनीतला खेळ’ म्हणतात, बस. देवराव स्वतः ट्रक चालवायचे तेव्हाची गोष्ट. कोळसा भरायला नंबर लागायचा तो कधी संध्याकाळी, कधी थेट दुसऱ्या दिवशी. तोवर ड्रायव्हर लोक पत्ते कुटायचे आणि पत्त्यांवरून डोकी फोडायचे. देवरावांना भांडणाचा मनापासून कंटाळा. घरीसुद्धा ते बायकोशी, इंदुताईंशी, भांडत नसत, नुसते उठून बाहेर जात, आणि इंदुताईंना जास्त राग त्याचाच. तर एका उन्हाळ्यात त्यांनी कडुनिंबाखाली ताडपत्री अंथरली, चिंचोके घासून त्यांच्या दोन-दोन फाका केल्या आणि शेजारच्या ट्रकवाल्याला म्हणाले, “आपुन एका गावाले जाऊन राह्यलो. वाटेत जंगल हाये. सांग, तू कोन?”

तो बिचारा गोंधळला. “कोन म्हंजे? मी कपिल.”

“थे झालं इथलं. तिथं कोन?”

कपिलने बराच विचार केला आणि मान खाली घालून म्हणाला, “वैद्य.” याला आयुष्यभर डॉक्टर व्हायचं होतं, हे लाइनीतल्या लोकांना त्या दिवशी कळलं.

अशी एकेकाची आत दडलेली माणसं बाहेर आली. कोणी किल्लेदार झाला, कोणी चोर. देवराव सांगणारे. वाघ आला, पूल मोडला, राजाच्या शिपायांनी धरलं, की ज्याच्यावर वेळ आली त्याने चिंचोके टाकायचे. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर निभावलं, काळ्या पडल्या तर भोगा. पण देवराव नुसते चिंचोके बघत नसत, टाकणाऱ्याचं तोंडही बघत. ज्याचं घरून फोन आल्यापासून चित्त ठिकाणावर नाही, त्याच्या काळ्या बाजूंमधूनही ते पळायला एखादी वाट काढून देत. हा पक्षपात होता आणि सगळ्यांना तो ठाऊक होता. कोणी हरकत घेतली नाही, कारण पाळी प्रत्येकावर येते.

एक नियम मात्र लाइनीनेच घडवला. ऐन रंगात आलेल्या खेळातून कोणाचा तरी नंबर लागायचा आणि त्याला ट्रक घेऊन जावं लागायचं. मग जाणारा आपला तिथला माणूस दुसऱ्याकडे अमानत ठेवून जाई. अमानत मरू द्यायची नाही. तिच्यावर आलेला घाव सांभाळणाऱ्याने अंगावर घ्यायचा. या नियमात लबाडी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. चार दिवसांनी त्याच लाइनीत त्याच माणसांसमोर बसायचं असे.

देवरावांच्या धाकट्या भावाची मुलगी उर्वशी सुट्ट्यांमध्ये यवतमाळहून यायची आणि टायरवर बसून हा खेळ ऐकायची. आता ती पुण्यात कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे तिचे मित्र शनिवारी जाडजूड इंग्रजी नियमांची पुस्तकं आणि वीस बाजूंचे फासे घेऊन बसतात. असा खेळ जगभर खेळतात, हे तिला तिथे कळलं. पहिल्या दिवशी ती त्या मुलांमध्ये ओरडलीच, हा तर आमच्या मोठेबाबांचा खेळ! मुलांना वाटलं, थापा मारते. त्यांच्यातल्या एकट्या रजतने ती थाप मानली नाही, आणि दोघांनी नोकरी सांभाळून हा खेळ मोबाइलवर आणायचं ठरवलं. या जानेवारीत उर्वशी सुट्टी टाकून वणीला आली ती त्यासाठीच.

देवराव हरखून गेले. दुकान झाडलं, नवी ताडपत्री आणली. पण दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की पोरगी नियम विचारते आणि प्रत्येक नियमापाशी अडते.

“मोठेबाबा, ज्याचा चेहरा पडला त्याला तुम्ही वाचवता. कॉम्प्युटरला चेहरा कसा दिसणार?”

“नाई दिसत तं मंग तो सांगनारा कसा?” देवरावांना हे खरंच समजत नव्हतं.

खरी पंचाईत झाली अमानतीची. ती उर्वशीने रात्री घरी सांगितली. रजतने एकमेकांना न ओळखणाऱ्या काही मुलांना कच्चा खेळ आपापल्या मोबाइलवर खेळायला दिला होता. वाघ दिसला रे दिसला, की एकेकाने आपला माणूस दुसऱ्याच्या गळ्यात अमानत म्हणून घातला आणि खेळ बंद करून चहाला गेला. शेवटी एक मुलगी सगळ्यांच्या अमानती घेऊन एकटी उरली आणि सगळ्यांचे घाव खाऊन मेली. बाकीचे परत आले तेव्हा त्यांची माणसं ठणठणीत.

“अन् तिले तोंड कसं दाखवलं त्यायनं?” देवरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“तोंड दाखवावंच लागत नाही तिथे. कोण कुठला, कोणाला माहीत?” उर्वशी म्हणाली. “म्हणून रजत म्हणतो, हा नियमच काढू. खेळणारा आठ-पंधरा दिवस आला नाही, की त्याचा माणूस आपोआप पुसला जाईल. बाकीच्यांचा खेळ अडायला नको.”

देवराव उठले आणि बाहेर गेले. इंदुताईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं, आज माझ्यावर नाही, मग कोणावर रुसले?

दुसऱ्या दिवशी उर्वशी नकाशा काढायला बसली. कॉम्प्युटरला गोष्ट नुसती ऐकवून भागत नाही, कुठे काय आहे ते आधी मांडून द्यावं लागतं. एका बाजूला देवराव, दुसऱ्या बाजूला कपिल, मध्ये तिचा लॅपटॉप. दोघं सांगत होते आणि ती काढत होती. नदीच्या अलीकडे मुंगीला शिरायला जागा उरली नाही. बहिऱ्या नाकेदाराचा नाका, भुताटकीची विहीर, जंगलातल्या चोरवाटा, आणि एक सासुरवाशीण जी दर वेळी वेगळ्याच गावाचा रस्ता सांगते. एका कोपऱ्याला तर सात वेळा जाऊन आलेले.

“आणि नदीच्या पलीकडे?” उर्वशीने विचारलं.

कपिल चपलेच्या अंगठ्याशी चाळा करू लागला. देवरावांनी उगाच पाना उचलला.

“तिकडं जायचं काम नाई पडलं,” ते म्हणाले.

“इतक्या वर्षांत? ज्या गावाला निघालात ते गाव तर पलीकडेच आहे ना?”

देवराव पाना घेऊन हवेच्या मशीनकडे गेले. मग कपिलनेच सांगितलं. बबलू नावाचा एक ड्रायव्हर होता. नेरचा, वयाने सगळ्यांत लहान आणि बडबडीत सगळ्यांचा बाप. खेळातला त्याचा माणूस गुलाबसिंग बहुरूपी. घटकेत राजा, घटकेत राजाची सासू. एके दुपारी सगळे नदीच्या काठावर पोचले आणि नेमका बबलूचा नंबर लागला. त्याने गुलाबसिंग देवरावांकडे अमानत ठेवला आणि हात जोडून म्हणाला, “काका, बहुरूपी पान्याले लय भेते. माह्याबिगर नदी नका उतरू.” सगळ्यांनी हसून कबूल केलं. त्या खेपेला चंद्रपूरच्या वाटेवर ट्रक उलटला आणि बबलू गेला.

“मग?” उर्वशीने विचारलं.

“मंग काय. पुढच्या वेळेस तुह्या मोठेबाबानं गोष्ट जंगलाकडं वळवली. आमी वळलो. कोनी काही म्हटलं नाई. सहा वर्सं झाले, वळूनच राह्यलो.”

उर्वशीने पडद्याकडे पाहिलं. नदीची निळी रेघ आणि तिच्यापुढे नुसता पांढरा पडदा. देवराव केव्हा मागे येऊन उभे राहिले, कोणाला कळलं नाही. त्यांनाही ते पहिल्यांदाच असं समोर दिसत होतं. आपण अमानत सांभाळतो, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. अख्खी गोष्टच आपण काठावर बसवून ठेवली, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या कोऱ्या भागाकडे त्यांना बघवेना.

“तुह्या त्या नियमानं गुलाबसिंग पुसल्या जाईन?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अन् नाई पुसला तं नदी राहून जाते.”

“हो, मोठेबाबा.”

ते खाली बसले आणि म्हणाले, “अमानत मालकाले वापस करा लागते. मालक नसला, तं त्याच्या घरच्याले.” आणि लगेच स्वतःवरच चिडले. “पन जाऊन सांगू काय? बाई, तुह्या नवऱ्याचा बहुरूपी माह्यापाशी राहून गेला?”

बबलूच्या बायकोला, प्रियंकाला, ते तेरवीला भेटले होते. त्यानंतर दिवाळीला एक फोन, बास. खेळाचं अवाक्षर त्यांनी कधी काढलं नव्हतं. ती हसली असती तर त्यांना चाललं असतं. भीती वेगळीच होती. ती म्हणाली असती, संपवून टाका, तर बबलू पुन्हा एकदा जाणार होता, आणि या वेळी देवरावांच्या हातून.

तरी ते निघाले. उर्वशी सोबत. एसटीने यवतमाळ, तिथून गाडी बदलून नेर. उर्वशी वाटभर फोनवर. मोठेबाबांचं ते ‘मालक नसला, तं त्याच्या घरच्याले’ तिच्या डोक्यात बसलं होतं. ती रजतला सांगत होती, सुरुवातीलाच खेळणाऱ्याला विचारायचं, तू आला नाहीस तर तुझा माणूस कोणाच्या हवाली करायचा? खऱ्या ओळखीच्या माणसाचं नाव लिहायचं, मोबाइल नंबरासकट. आणि तू ऐन वेळी पाय काढलास, तर त्या माणसाला कळवायचं. पुढे तो नियम खेळात आला. निम्म्या मुलांनी आईचं नाव लिहिलं, आणि वाघाला सोडून चहाला जाणं त्या दिवसापासून जवळजवळ बंद झालं. पण ते नंतरचं.

नेरच्या बसस्टँडमागे प्रियंकाचं शिलाईचं दुकान. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर कापसाच्या गाड्या अडून राहिलेल्या. देवरावांना पाहून तिने मशीन थांबवलं, पदर सारखा केला, पाणी आणलं. पाणी संपलं, हालहवाल झाले, तरी देवरावांना सुरुवात सापडेना. गोष्टीच सांगत जन्म काढलेला माणूस! शेवटी म्हणाले, “बबलूची एक वस्तू माह्यापाशी हाये. वस्तू म्हंजे… मानूस हाये.”

“गुलाबसिंग?” प्रियंका म्हणाली.

“तुले मालूम हाये?” देवरावांनी विचारलं.

“घरी आले का सगळं सांगाचे मले. आज बहिऱ्या नाकेदारानं पकडलं, आज मी राजाची सासू झालो. जेवन थंडं होऊन जाये, पन त्यायचं सांगनं नाई सरे.” बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. “शेवटल्या दिवशी फोन केलता रस्त्यातून. म्हने, नदीपाशी पोचलो. मी बापूजीले, माह्या सासऱ्याले, कितीकदा म्हनलं, वनीले फोन करू का, इचारू का नदीचं काय झालं? ते म्हनत, लोक हसतीन तुले. मंग मलेच लाज वाटली. मले वाटे, तुमी समदे त्याले काठावर सोडून केव्हाचे पुढं गेले असान.”

“नाई वो बाई,” देवराव म्हणाले. “कोनीच नाई गेलं. एक बी जन नाई. समदे अजून अलीकडंच हाओत.”

प्रियंकाने हातातल्या कापडात तोंड लपवलं. कोणाचं तरी नवं ब्लाउज होतं ते, भिजलं. देवरावांनीही डोळे पुसले, आणि लपवले नाहीत. उर्वशी दारातल्या कापसाच्या गाड्यांकडे बघत बसली.

थोड्या वेळाने प्रियंका डोळे पुसत हसलीच. “अन् तुमी खरं मानलं, काका? पान्याले भेते म्हून? अवं, मासोळीवानी पोहे गुलाबसिंग. त्यायच्या माघारी तुमी नदीची मजा घेऊन घेसान म्हून खोटं बोलले. मले फोनवर सांगतलं ना, हसून हसून.”

“खोटं बोलला?”

“साफ खोटं.”

देवरावांच्या तोंडावर आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. सहा वर्षं त्यांनी ट्रकवाल्यांची अख्खी पलटण एका लबाड पोराच्या थापेवर काठावर बसवली होती.

“उठवा त्याले,” प्रियंका म्हणाली. “अन् तुमी बी उठा समदे. त्याले एका जागी बसनं कधी जमलं काय?” तिने कापड बाजूला ठेवलं. “मी घेतो त्याले. काय हाये पलीकडे?”

“मले नाई मालूम,” देवराव म्हणाले. आणि ते खरं होतं.

“मले हाये मालूम,” प्रियंका म्हणाली. “फोनवर त्यायनं सगळं ठरवून ठेवलतं. उतरलं का पयले तं बाजार लागते. मोठा बाजार. अन् तिथं सगळे त्याले वळखतात.”

देवराव मशीनच्या पायाशी, चिंध्यांवर, मांडी घालून बसले.

“मंग?” त्यांनी विचारलं. “मंग काय होते?”