कंपायलरमधलं कोरं कार्ड

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. गणित शिकलेली बाई मी! पण सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटर होते, तेव्हाचं एक कोडं अजून सुटलेलं नाही...

तेव्हा मशीन चालू केलं की लगेच प्रोग्राम चालत नसे. आधी कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उलगडून देणारा दुभाषा, भरावा लागे – भोकं पाडलेल्या कार्डांचा हातभर गठ्ठा. तो क्रमानं वाचून झाला की मग मुलांच्या प्रोग्रामची पाळी. एक कार्ड बिघडलं की लाल दिवा, सगळं ठप्प.

खंडेनवमीला आमचे शिपाई तात्या – आष्ट्याचे, फौजेतून निवृत्त – यांनी मशीनची पूजा केली. आणि भक्तिभावानं त्या गठ्ठ्यालाही ओलं गंध लावलं! सुट्टीनंतर मी गठ्ठा भरला, तर गंधानं फुगलेलं वरचं कार्ड, कार्डं वाचणाऱ्या रीडरमध्ये अडकून त्याच्या चिंध्या झाल्या.

"आवं बाई, फौजेत रायफलीला दरसाल गंध लावलं, कवा जाम झाली न्हाई!" तात्या रडवेले झाले. त्यांची नोकरी हंगामी, त्यात आमच्या विभागाच्या साहेबांचा त्यांच्यावर आधीच राग. साहेब दुपारी साताऱ्याहून येणार होते. मशीन बंद दिसलं की तात्या घरी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नवं कार्ड पुण्याहून यायला आठवडा लागणार होता.

तात्यांनी एक कोरं कार्ड उचललं. "जवान पडला तरी रांगंत जागा मोकळी ठेवत न्हाईत. ह्ये घाला."

मी चिडलेच. "तात्या, यावर एक भोक नाही. मशीन वाचणार काय, कपाळ?" पण म्हाताऱ्याचं तोंड बघवेना, म्हणून घातलं... आणि कंपायलर चढला! प्रोग्राम धडाधड चालले. साहेब आले, बघून गेले. कार्ड काढून उजेडात धरलं – कोरंच.

नवं कार्ड येईपर्यंत आठवडाभर रोज तेच घातलं, रोज चाललं. नवं आल्यावर मुद्दाम पुन्हा तेच कोरं घालून पाहिलं. लाल दिवा. तीनदा केलं, तीनदा लाल.

तात्या तिथंच झाडत होते. विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय केलं होतं?"

"काय न्हाई. ह्या मशिनीला म्हनलं, चूक माजी हाय, पोरांचं काम अडवू नगंस. नवं कारड येस्तवर तेवडं सांबाळ."

कारण मला आजही सांगता येत नाही. पण तात्यांना मी हसले मात्र नाही.