अर्धशिशीची पूड घेऊन कुंभकोणमला

कुंभकोणमला लोक देवळं पाहायला जातात. मी गेले ती आक्काची अर्धशिशी थांबते का, ते पाहायला.

आमचं घराणं तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाचं. इंग्रजांनी संस्थान खालसा केलं आणि माणसं पोटामागे पांगली. मी पुण्यात शिकले, व्याख्यानं देत गावोगाव फिरले. थोरली बहीण मात्र कुंभकोणमलाच दिलेली. तिला लहानपणापासून अर्धशिशी. कळ उठली की दोन-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून असायची. यंदा मद्रासला माझं भाषण होतं, तेव्हा तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी नव्या पुड्या दिल्या आणि बजावलं, की डोळ्यांपुढे चमकायला लागलं की लगेच घ्यायची. एकदा उलटी सुरू झाली की औषध पोटात ठरत नाही.

मद्रासहून जाणाऱ्यांनी एगमोरची सकाळची गाडी धरावी. चिदंबरम मागे पडलं की दोन्ही बाजूंना भाताची हिरवी शेतं लागतात, ती रात्रीच्या गाडीतून दिसत नाहीत. मायावरमला केळीच्या पानात बांधलेला दहीभात मिळतो. स्वस्त असतो आणि उन्हात बाधत नाही. कुंभकोणमच्या स्टेशनाबाहेर झटक्याचे, म्हणजे इकडच्या टांग्यांचे, घोडेवाले गराडा घालतात. भाडं बसण्याआधीच ठरवावं. पितळी भांड्यांच्या दुकानांतून इतकी ठोकाठोक चालते, की मला पहिल्यांदा आक्काच्या डोक्याचीच आठवण झाली.

दारात भावोजींनी माझ्या बोलण्याची थट्टा केली. पुण्याचं मराठी ऐकलं की कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणाले. आक्काच्या सासूबाई, अत्याबाई, हसल्या आणि त्यांनी मला ओसरीवर वेगळं पान मांडलं. मी सगळ्या जातींच्या घरी जेवते हे इथे ठाऊक आहे. वाढण्यात मात्र काही कमी नव्हतं. सार तर मी तीनदा मागून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी आक्का फुलं निवडताना थांबली. पाकळ्यांच्या कडेला झिगझिग दिसतंय, म्हणाली. मी पूड पाण्यात कालवून दिली. ती सवयीने खोलीत जाऊन पडली, दार लोटून घेतलं. मी बाहेर बसून राहिले. तासाभरात ती स्वतः दार उघडून आली आणि उजेडात उभी राहिली. कपाळ चाचपलं. मग म्हणाली, “कॉफी घेऊं चल.” संध्याकाळी आम्ही कावेरीच्या घाटावर गेलो. पाण्यावरचं ऊन डोळे न मिटता बघत ती इतका वेळ बसली, की शेवटी मलाच उठवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी बैलगाडी करून तिरुविसनल्लूरला गेलो. रस्ता नदीच्या कडेने, सावलीचा. मुद्दाम जावं असा. तिथल्या मठात एक विहीर आहे. पुजाऱ्याने तिची कथा सांगितली. इथल्या सत्पुरुषाने घरच्या श्राद्धाचं अन्न ब्राह्मण जेवायच्या आधी एका भुकेल्या अंत्यजाला घातलं. गावाने त्याला वाळीत टाकलं, गंगास्नान करून ये म्हणून सांगितलं, तेव्हा गंगाच त्याच्या विहिरीत उसळून आली. मी आनंदाने थरारून गेले. अशा कथेवर मी तासभर बोलू शकते. आक्काने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं.

परतल्यावर कळलं, की दुसऱ्या दिवशी घरी आक्काच्या सासऱ्यांचं श्राद्ध आहे.

त्या दिवशी आक्का पहाटेच न्हाऊन ओलं लुगडं नेसून चुलीपाशी गेली. श्राद्धाचा स्वयंपाक करणारीने पिंडदान होऊन ब्राह्मण जेवेपर्यंत तोंडात काही घालायचं नसतं. मी उंबऱ्याच्या बाहेर बसले होते. वडे तळता तळता तिचा हात थांबला.

“अंबू,” ती हळूच म्हणाली, “कढईंतला वडा अर्धाच दिसतो.”

मी पूड कालवून आणली. तिने मान हलवली. “नक्को. पोटांत गेलं तर अस्का सैपाक बाटला.” अस्का म्हणजे सगळा.

मी म्हणाले, झारा माझ्याकडे दे, मी तळते. तिने झारा मागे घेतला. मग माझ्याच लक्षात आलं. ज्या हाताने मी सगळ्यांच्या पंक्तीत जेवले, तो हात त्या चुलीला चालणार नव्हता. पंक्तिभेदावर मी जे बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही; पण त्या क्षणी बहिणीच्या हातून झारा काढून घेता येईल असा एकही शब्द माझ्यापाशी नव्हता. अत्याबाई म्हणाल्या, आपल्या सासऱ्यांच्या श्राद्धाला त्यांनी स्वतः अंगात ताप असताना रांधलं होतं. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांना ते खरंच तेवढं साधं वाटत होतं.

मी आवाज खाली ठेवून विहिरीची गोष्ट काढली. त्या सत्पुरुषाने श्राद्धाचंच अन्न दिलं ना? मग?

“त्यांच्या विहिरींत गंगा आली,” आक्का म्हणाली. “माझ्या विहिरींत कोण येतें?”

आणि तिने पुढचा वडा कढईत सोडला.

ब्राह्मण तृप्त होऊन उठले तेव्हा तिचा डावा डोळा मिटला होता. मी दिलेली पूड तिने आता निमूट घेतली आणि लगेच ओकून टाकली. दुसरी दिली, तीही ठरली नाही. मग दोन दिवस तीच अंधारी खोली. तिचे पाय चेपत मी बसले होते. मध्येच ती म्हणाली, “अगोदर दुखणंच ठाऊक होतं गे मला. आतां न दुखणं कसलं तेंही कळलं.”

मला वाटलं, निघताना ती पुड्या परत करील. तिने त्या नीट कापडात बांधून ठेवल्या. श्राद्धं, व्रतं, सण, सोवळ्याचे दिवस सोडून दुसऱ्या कुठल्या दिवशी दुखलं तर घेईन, म्हणाली. तिचा माझ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

पुण्याला पोचून आठ दिवस झाले. तुम्ही कुंभकोणमला जरूर जा. घाटावर संध्याकाळी बसा. काल मी पंचांग काढलं आणि आक्काला औषध घेता येईल असे दिवस शोधू लागले. सणाव्रतांच्या तिथी खोडत चैत्र महिना वाचून झाला, आणि मी पंचांग मिटून ठेवलं.